वाचकांचे प्रश्न : कंपोस्टच्या डब्यात हवा कशी खेळती राहील?

घरच्या बागेतल्या कंपोस्टविषयी आलेल्या पत्रांत दुर्गंधी, माश्या, गार पडलेला ढीग, महिनोन्‌महिने न कुजणारा कचरा अशा नाना तक्रारी असल्या, तरी त्यांतल्या बहुतेकींचे मूळ हवेपाशी येऊन पोहोचते. म्हणून या वेळी हवेसंबंधीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे सुमारे ३०० लिटरचा प्लास्टिकचा डबा आहे. वास येऊ लागला म्हणून त्याच्या चारही बाजूंना ड्रिलने पुष्कळ भोके पाडली. तरीही कुजक्या अंड्यांसारखा वास जात नाही. वरचा थर कोरडा दिसतो, पण आत हात घातला तर काळपट, चिकट लगदा लागतो आणि तो गारही असतो. भोके कमी पडली का?

उत्तर : भोके पुरेशी आहेत, पण त्यांतून आलेल्या हवेला पुढे जायला वाट नाही. डब्याच्या भिंतीला कितीही छिद्रे असली तरी हवा ढिगाच्या पोटात शिरते ती कचऱ्याच्या कणांमधल्या मोकळ्या जागेतून, आणि ती जागाच लगद्याने बुजली असेल तर छिद्रालगतचा चार बोटांचा भाग तेवढा सुधारतो. वर कोरडे आणि आत काळे, चिकट व गार, हे आपण केलेले वर्णन नेमके त्याच अवस्थेचे आहे.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. ढिगातल्या पोकळ्यांमध्ये तो १० टक्क्यांच्या वर टिकला तर ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू जोमाने काम करतात. ५ टक्क्यांच्या खाली तो उतरला की त्यांचे काम रखडते आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा जोर वाढतो. कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू. वास आंबूस असेल तर तो सेंद्रिय आम्लांचा असतो. लगदा गार लागतो त्याचे कारणही हेच आहे. हवा मिळत असताना कचऱ्यातली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, तर हवा नसताना तिचा मोठा भाग आम्लांत आणि मिथेनमध्ये अडकून राहतो.

आता पोकळ्या बुजतात कशाने, ते पाहू. बहुतेकांना वाटते की कचरा दाबला गेल्यामुळे. ते खरे आहेच, पण त्याहून मोठा वाटा पाण्याचा असतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो, त्यामुळे पोकळी कचऱ्याने भरली काय किंवा पाण्याने भरली काय, आतल्या जिवाणूंना फरक पडत नाही. भाज्यांचे देठ, फळांच्या साली, ताजे कापलेले गवत यांत ८० टक्के किंवा त्याहून अधिक पाणीच असते, आणि कुजताना पेशी फुटून ते मोकळे होत असल्याने आपण बाहेरून थेंबभर पाणी घातले नाही तरी ढीग भिजत जातो. ढिगाचा ओलावा ५० ते ६० टक्के असावा. हे घरी तपासायचे तर मधल्या भागातला मूठभर माल घेऊन घट्ट दाबावा. बोटांच्या फटीत एकदोन थेंब दिसले तर ओलावा योग्य आहे, मनगटावरून ओघळ आला तर पाणी फार झाले आहे.

गार पडलेल्या ढिगाची आणखी एक अडचण असते. तापलेल्या ढिगातली गरम, दमट हवा हलकी असल्याने वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, म्हणजे ढीग स्वतःच स्वतःचे धुराडे होतो. ढीग गार पडला की ही ओढ संपते, ओढ संपली की ऑक्सिजन आणखी घटतो, आणि ऑक्सिजन घटल्याने तापण्याची शक्यताही मावळते. या फेऱ्यातून ढीग आपोआप बाहेर येत नाही. तो मुळापासून पुन्हा रचावा लागतो.

ते काम असे करावे. जमिनीवर ताडपत्री अंथरून डबा पूर्ण रिकामा करावा. लगद्याचे गोळे दाताळ्याने फोडावेत आणि माल फार ओला असेल तर अर्धा दिवस पसरून ठेवावा. या वेळात वास वाढलेला जाणवेल, पण तो अडकलेल्या वायूचा असतो आणि ओसरतो. डब्याच्या तळाशी अंगठ्याएवढ्या जाडीच्या वाळक्या फांद्यांचा १० ते १५ सेंटीमीटरचा थर आडवा-उभा रचावा. नंतर लगदा परत भरताना त्यात साधारण निम्म्या मापाने जाडाभरडा, कडक माल मिसळावा. दोन घमेली लगद्याला एक घमेले लाकडाचे तुकडे असे प्रमाण सुरुवातीला धरायला हरकत नाही. हा माल मिसळायचा आहे, थराथराने रचायचा नाही, कारण सलग पसरलेला लगद्याचा थर वरखाली कितीही फांद्या असल्या तरी मधे आडवा पडदाच ठरतो. भरताना हाताने किंवा फावड्याने दाबू नये. जागा करण्यासाठी डब्यात पाय घालून कचरा तुडवणारे लोकही आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की कंपोस्ट आपोआप खाली बसते, त्याला मदतीची गरज नसते.

इथे एक गल्लत फार ठिकाणी होते. ओल्या कचऱ्यात ‘सुका माल’ घालावा असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि लोक त्याप्रमाणे लाकडाचा भुसा किंवा कागदाच्या बारीक पट्ट्या ओततात. या दोन्हींत कार्बन भरपूर असतो, त्यामुळे नत्राशी त्याचे जे गुणोत्तर साधायचे असते (सुमारे ३० भाग कार्बनला एक भाग नत्र) ते सुधारते, पण हवा सुधारेलच असे नाही. बारीक भुसा ओला झाला की पोकळ्यांमध्ये जाऊन बसतो. कागद भिजला की त्याचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. हवेसाठी जो माल हवा तो कडक, वेडावाकडा आणि भिजल्यावरही आकार न सोडणारा असावा : छाटणीच्या फांद्यांचे २ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे, लाकडाच्या चिपा, मक्याच्या कणसांचे वाळलेले दांडे, जाड देठ. पुठ्ठ्याचे चुरगळलेले तुकडे काही आठवडे साथ देतात आणि मग ढेपाळतात. उलट लाकडाच्या चिपा इतक्या सावकाश कुजतात की त्यांतला कार्बन त्या हंगामात फारसा हाती लागत नाही, म्हणून त्या घातल्या तरी वाळलेला पाला हवाच. एका मालाने ढीग उभा राहतो आणि दुसऱ्याने जिवाणूंचा आहार जुळतो. ही दोन कामे वेगळी धरली म्हणजे नेमके काय कमी पडले आहे ते लवकर उमगते. खत तयार झाल्यावर न कुजलेल्या चिपा चाळून काढाव्यात आणि पुढच्या ढिगात घालाव्यात. त्यांच्यावर जिवाणूंची वस्ती आधीच झालेली असल्याने त्या नव्या चिपांपेक्षा उजव्याच ठरतात.

प्रश्न : नव्या पिंपाला भोके पाडायची आहेत. किती, कुठे आणि केवढी पाडावीत? उंदरांची भीती वाटते.

उत्तर : संख्येपेक्षा जागा महत्त्वाची आहे. हवा खालून आत यावी आणि वरून बाहेर पडावी अशी योजना असल्याने तळाला आणि भिंतीच्या खालच्या २० सेंटीमीटरच्या पट्ट्यात भोके दाट पाडावीत, झाकणाखालच्या पट्ट्यात काही पाडावीत आणि मधल्या भागात विरळ असली तरी चालतील. मधे फार भोके पाडली तर कडेचा माल सुकतो आणि सुकलेला माल कुजत नाही. भोकाचा व्यास १० मिलिमीटरच्या आसपास असावा. त्याहून लहान भोके चिकट मालाने चटकन बुजतात. ड्रिल आतून बाहेर चालवता आले तर उत्तम, कारण प्लास्टिकची उचललेली कड आत राहिली तर त्यावर गाळ साचतो.

उंदरांसाठी तळाला आणि खालच्या भोकांना आतून ६ मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड लोखंडी जाळी लावावी. प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. माश्या अडवण्यासाठी याहून बारीक जाळी लावण्याचा मोह टाळावा, कारण ती लवकरच चिखलाने लिंपली जाते. माश्यांवरचा खरा उपाय म्हणजे प्रत्येक वेळी ताज्या ओल्या कचऱ्यावर वाळल्या पाल्याचे हातभर नव्हे, तरी चार बोटे पांघरूण घालणे.

पिंप फरशीवर किंवा काँक्रीटवर ठेवणार असाल तर ते विटांवर चढवावे, नाहीतर तळाची सगळी भोके फरशीला टेकून बंद होतील आणि पाझरलेले पाणीही तिथेच साचेल. मातीवर ठेवले तर पाणी मुरते व गांडुळे आत येतात, पण तळाशी फांद्यांचा थर तिथेही हवाच. झाकण पाऊस अडवण्यापुरते असावे आणि कडेने फट ठेवणारे असावे. उघड्या पिंपात पावसाचे पाणी शिरले तर भोकांचा सारा खटाटोप वाया जातो.

प्रश्न : ढिगाच्या मध्यभागी भोके पाडलेला पाइप उभा करावा असे ऐकले आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण मर्यादित. पाइपाभोवतीच्या वीतभर भागाला हवा मिळते. त्यापलीकडचा माल घट्ट असेल तर पाइप तसाच उभा राहतो आणि लगदा लगदाच राहतो. डबा रुंद असेल, किंवा वरचेवर उलथापालथ करणे शारीरिकदृष्ट्या जमत नसेल, तर पाइप अवश्य घालावा. सुमारे १० सेंटीमीटर व्यासाचा पाइप घेऊन त्याला सर्व अंगांनी १० ते १२ मिलिमीटरची भोके पाडावीत, त्याचे खालचे टोक फांद्यांच्या थरात मोकळे राहील असे बसवावे आणि वरचे टोक ढिगाच्या वर काढावे. खालचे टोक लगद्यात रुतले तर खालून हवा ओढली जाण्याचा मुद्दाच निकालात निघतो, आणि बहुतेक फसलेल्या पाइपांची कथा हीच असते. पावसाचे पाणी सरळ आत जाऊ नये म्हणून वरच्या टोकावर उलटे भांडे थोडे अधांतरी टेकवावे.

पाइप मिळाला नाही तर वाळक्या काटक्यांची मोळी बांधून मधोमध उभी करावी. ती तेवढेच काम करते आणि पुढे स्वतःही कुजते. याहून जुना मार्ग पहारीचा आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूर येथे जी कंपोस्टपद्धती बसवली, तीत ढीग रचताच पहार खुपसून आणि ती इकडेतिकडे हलवून उभ्या हवेच्या वाटा करत असत. घरच्या डब्यातही सळई खुपसून अशा वाटा करता येतात, मात्र माल ओला असेल तर सळई काढताच त्या मिटतात, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी रोज ढीग वरखाली करते, तरी तो तापत नाही. माझी बहीण कधीच हात लावत नाही आणि तिचे खत वर्षभराने का होईना, छान होते. खालीवर करण्याची नेमकी गरज किती?

उत्तर : ढीग उलथापालथ केल्याने आत ताजी हवा जाते हे खरे, पण ती हवा किती काळ पुरते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. जोमाने कुजणाऱ्या ढिगात ती काही तासांत, कधी त्याहूनही लवकर संपून जाते. उलथापालथीचा टिकाऊ लाभ वेगळा आहे : घट्ट बसलेला माल पुन्हा भुसभुशीत होतो, बुजलेल्या पोकळ्या मोकळ्या होतात, कडेचा सुका व न कुजलेला माल मधे येतो आणि मधला ओला माल कडेला जाऊन सुकतो. त्यामुळे प्रश्न ‘किती वेळा’ असा न धरता ‘माल बसला आहे का’ असा धरावा.

रोज खालीवर केल्याने आपल्या छोट्या ढिगाची उष्णता रोज निघून जाते. ढीग चांगला तापायचा तर त्याला सुमारे एक घनमीटर आकारमान लागते. त्याहून लहान ढिगात पृष्ठभाग आकाराच्या मानाने मोठा असल्याने उष्णता टिकतच नाही, मग ती रोज उघडी करणे परवडणारे नाही. तापमापक असेल तर मधल्या भागाचे तापमान पाहावे. ते ६५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले तर उपयोगी जिवाणूही मरू लागतात, तेव्हा ढीग उघडावा. वर चढलेले तापमान उतरून ४० अंशांच्या आसपास आले तरीही उघडावा, कारण बहुधा आतला ऑक्सिजन किंवा ओलावा संपलेला असतो. तापमापक नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी. टोकाकडून हात मागे नेत गेल्यास ऊब कुठे आहे ते कळते, आणि टोक नाकाजवळ नेल्यास खालच्या थराची बातमीही मिळते. सर्वसाधारण डब्याला आठवड्यातून एकदा हलवणे पुरते.

पूर्ण डबा उपसणे जड जात असेल तर कंपोस्ट ढवळण्यासाठी मिळणारी पिळाची सळई वापरावी. तिचे वळसे फिरवत ती तळापर्यंत उतरवावी आणि मग उलटी न फिरवता सरळ वर ओढावी, म्हणजे खालचा माल वळशांत अडकून वर येतो व त्याच्यामागे पोकळ विहीर उरते. उलटी फिरवून काढली तर नुसतेच भोक पडते आणि खालचा माल खालीच राहतो. डब्याच्या कडेपासून सुरुवात करून मध्याकडे यावे आणि वीतवीतभर अंतरावर हे करावे.

आपल्या बहिणीच्या ढिगात वाळला पाला आणि काटक्या बऱ्याच असणार. ज्या ढिगात मुळात पोकळी पुष्कळ आहे आणि ज्याला वर्षभराची सवड आहे, त्याला हात लावण्याची खरोखरच गरज नसते.

प्रश्न : वास घालवण्यासाठी हवा वाढवली, तर आता नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास येऊ लागला आहे.

उत्तर : हा अमोनिया आहे. कचऱ्यात नत्र गरजेपेक्षा अधिक असल्यावर तो वायुरूपाने उडून जातो, आणि हवा वाढवली की त्याचे जाणेही वाढते, म्हणून अधिक भोके पाडणे इथे उलट फळ देते. नत्र म्हणजे झाडांचे खाद्य, ते असे हवेत जाऊ देणे परवडण्यासारखे नाही. ताजे गवत, कोंबड्यांची विष्ठा यांसारखा माल काही दिवस थांबवावा आणि वाळला पाला, लाकडाचा भुसा, पुठ्ठा मिसळावा. मागच्या उत्तरांत ज्या भुशाविषयी सावधगिरी सांगितली, त्याचे खरे काम या ठिकाणी आहे, कारण बारीक भुशातला कार्बन चिपांच्या मानाने लवकर उपलब्ध होतो.

प्रश्न : आमचे कंपोस्टचे पिंप फिरवण्याचे आहे. फिरवले की हवा मिळते असे समजून रोज फिरवतो, पण आत लिंबाएवढे गोळे तयार झाले आहेत.

उत्तर : फिरत्या पिंपात ओला माल गडगडत गेला की त्याचे गोळे वळतात, आणि गोळा जितका मोठा तितके त्याचे पोट हवेविना राहते. फोडून पाहिल्यास बाहेरून तपकिरी आणि आतून काळा दिसेल. गोळे हाताने फोडावेत, कोरडा पाला व लाकडाच्या चिपा घालाव्यात आणि फिरवणे दोनतीन दिवसांतून एकदा, चारसहा फेरे एवढ्यावर आणावे. पिंप दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये. काठोकाठ भरलेल्या पिंपात माल उलटत नाही, सगळा एकगठ्ठा फिरतो.

प्रश्न : लाकडी फळ्यांमध्ये मोठ्या फटी ठेवून आम्ही कप्पा केला आहे. वास अजिबात नाही, पण सहा महिन्यांपूर्वीची पाने जशीच्या तशी आहेत आणि आत मुंग्यांनी घर केले आहे.

उत्तर : आपल्याकडे हवा कमी नाही, जास्त आहे. जिवाणू ऑक्सिजन घेतात तो कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहूनच. ओलावा ४० टक्क्यांच्या खाली उतरला की हवा कितीही असो, त्यांचे काम थंडावते. कोरड्या ढिगात मुंग्या येणे ही त्याची उघड खूण आहे. पानांचा ढीग वरून नळीने भिजवला तर पाणी पानांवरून घसरून कडेने निघून जाते आणि मध्य कोरडाच राहतो, म्हणून कप्पा उपसून थोडा थोडा माल परत टाकताना प्रत्येक वेळी पाणी शिंपडावे आणि त्यातच ताजा ओला कचरा मिसळावा. फळ्यांना आतून पुठ्ठा लावावा, पण तळाची फट मोकळी ठेवावी. सुट्या, अख्ख्या पानांच्या ढिगात पोकळी प्रमाणाबाहेर असते. पाने चुरून टाकली तर ती थोडी बसतात आणि ओलावाही धरतात. चुरा मात्र जपून करावा, कारण फार बारीक पाने भिजल्यावर चवडीसारखी एकमेकांवर बसतात.

कोरडा ढीग हलवताना धुरळा उडतो आणि त्यात बुरशीचे बीजाणू असतात. दमा असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. इतरांनीही आधी पाणी शिंपडून, नाकातोंडावर मास्क लावून ते करावे.

प्रश्न : ढिगात पुरेशी पोकळी आहे की नाही, हे घरच्या घरी मोजता येते का?

उत्तर : येते, आणि त्याला बादली व मापाचे भांडे एवढेच लागते. १० लिटरची बादली घेऊन तिच्या १० लिटरच्या रेघेच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत ढिगातला माल सैलसर भरावा. बादली जमिनीपासून वीतभर उचलून दहा वेळा सरळ खाली आपटावी, म्हणजे माल डब्यात वरच्या वजनाने जसा बसतो तसा बसेल. मग दोन तृतीयांशांपर्यंत भरून पुन्हा दहा वेळा, आणि शेवटी रेघेपर्यंत भरून आणखी दहा वेळा आपटावी. माल खाली बसलेला असेल, तो पुन्हा रेघेपर्यंत भरावा, पण आता आपटू नये. यानंतर मापाच्या भांड्याने पाणी ओतत जावे आणि ते रेघेला टेकले की थांबावे.

जेवढे पाणी आत मावले तेवढी त्या मालात मोकळी जागा होती. १० लिटरच्या बादलीत ५ लिटरच्या आसपास पाणी मावले तर ढीग रचायला माल उत्तम आहे. ३ लिटरही मावले नाही तर पोकळी अपुरी समजावी आणि जाडाभरडा माल मिसळून परीक्षा पुन्हा करावी. पहिल्या उत्तरातले दोनास एक हे प्रमाण आपल्या मालाला पुरते की नाही, हेही यातून ठरवता येते. माल ढिगाच्या मधून घ्यावा. वरचा घेतला तर निकाल नेहमीच मनासारखा येतो.

याच वेळी पाणी ओतण्यापूर्वी बादली ताणकाट्यावर तोलून पाहिली तर आणखी एक गोष्ट कळते. बादलीचे वजन वजा जाता १० लिटर माल ६ किलोपेक्षा जड भरला, तर तो घट्ट किंवा फार ओला आहे असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : विजेचा छोटा पंखा किंवा पंप लावून डब्यात हवा सोडली तर?

उत्तर : मोठ्या प्रकल्पांत हे करतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात सांडपाण्याच्या गाळासाठी अशी पद्धत विकसित झाली, पण तिथेही गाळात लाकडाच्या चिपा मिसळाव्या लागत, कारण गच्च मालातून पंख्याची हवाही जात नाही. ती कडेची एखादी फट शोधून निसटते. घरच्या डब्यात चिपा मिसळल्यावर पंख्याची गरज उरत नाही, आणि न मिसळता पंखा लावला तर तो हवेच्या वाटेवरचा थोडा माल सुकवून बाकीचा तसाच ठेवतो.

प्रश्न : गांडुळांच्या पेटीलाही हेच नियम लागू आहेत का?

उत्तर : हवा आणि ओलावा यांचे नियम तेच, पण उलथापालथीचा नाही. गांडुळे स्वतःच माल पोखरून वाटा करतात आणि वरचेवर ढवळल्याने त्यांची घडी विस्कटते. कचरा पातळ थराने द्यावा, कारण जाड थर तापतो व ती उष्णता त्यांना सोसत नाही. अंथरुणात पुठ्ठ्याचे तुकडे असू द्यावेत. गांडुळे झाकणाकडे किंवा भिंतीवर चढू लागली तर खाली हवा संपली किंवा पाणी साचले, असे मानून आधी तळाचा निचरा तपासावा.

प्रश्न : तयार झालेले कंपोस्ट चाळून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवले होते. पिशवी उघडली तेव्हा आंबूस वास आला. खत बिघडले का?

उत्तर : बिघडले नाही, ते अजून पुरते मुरलेले नव्हते. ढीग गार झाला आणि माल काळा दिसू लागला तरी त्यात कुजणे मंदपणे चालूच असते, आणि चाळल्यामुळे जाडाभरडा माल निघून गेल्याने पोकळीही कमी झालेली असते. अशा वेळी पिशवीचे तोंड बांधले की उरलेला ऑक्सिजन लवकर संपतो. पिशव्या रिकाम्या करून खत सावलीत चारसहा बोटे जाडीचे पसरावे, अधूनमधून हलवावे, आणि वास मातीसारखा झाल्यावर सच्छिद्र पोत्यात किंवा झाकण न लावलेल्या पेटीत आणखी महिना-दीड महिना मुरू द्यावे. आंबूस अवस्थेतले खत रोपांच्या मुळाशी मात्र घालू नये, कारण त्यातली आम्ले कोवळ्या मुळांना व उगवत्या बियांना बाधतात. पुढच्या वेळी भरण्याआधी मूठभर दमट खत छोट्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर घरात ठेवावे आणि मग हुंगून पाहावे. वास मातीचाच राहिला तर बाकीचे भरून ठेवायला हरकत नाही.